इंटरमिजिएट, सी ग्रेड

इंटरमिजिएट हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शाळेत, चित्रकलेच्या परीक्षेत. एलिमेंटरी मी सी ग्रेडमध्ये कशीबशी सुटलो होतो. इंटरमिजिएटला स्मरणचित्रासाठी 'बसथांब्यावरील दृश्य' आलं. माझी माणसं बघून पर्यवेक्षक बाईंनी काळजीने विचारलं, "अपघात झालाय का रे इथे?" पुन्हा सी ग्रेड. चित्रकला मी तिथेच सोडली, पण त्या शब्दाने मला सोडलं नाही. तीस वर्षांनी, न्यू जर्सीत, पायांत दगडासारखे जड बूट अडकवून मी कुडकुडत उभा होतो तेव्हा तो पुन्हा भेटला.

आमच्या घरापासून तासाभरावर एक टेकडी आहे. पायथ्यापासून माथा हजारेक फूट. तिथे बर्फ पडेलच याची खात्री नसते, म्हणून रात्रभर तोफा लावून पाण्याचा फवारा उडवतात आणि त्याचा बर्फ करतात. या घरगुती बर्फावर मी तीन हिवाळे स्कीइंग शिकलो. पहिला हिवाळा 'पिझ्झा'त गेला. स्कीची पुढची टोकं जवळ आणली आणि मागची फाकवली, की पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार होतो आणि वेग मरतो. दोन्ही समांतर ठेवल्या की ते 'फ्रेंच फ्राइज', आणि मग वेग आपला राहत नाही. ही भाषा खरं तर पोराटोरांसाठी आहे. पण माझ्या मास्तरांनी पहिल्या पाच मिनिटांत माझी पातळी ओळखली आणि सबंध मेन्यू माझ्यापुढेही तोच ठेवला. तिसऱ्या हिवाळ्यात निळ्या चौकोनाची पाटी असलेल्या उतारावरून मी एकदाही न पडता खाली आलो. त्या रात्री जेवताना जाहीर केलं, "मी आता इंटरमिजिएट झालो."

"ग्रेड कुठली?" बायकोने पोळी वाढत विचारलं.

इथवर ठीक होतं. घोळ झाला तो डेन्व्हरच्या मेहुण्याला ही बातमी कळल्यामुळे. "भावोजी, मग आता खऱ्या डोंगरावर या. फेब्रुवारीत तीन दिवस सुट्टी आहे. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा, मी येतो."

तुम्ही ठरवा! लग्न सोडलं तर आयुष्यात मला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं, आणि लग्नातही स्थळ मामांनीच आणलं होतं. मी एक्सेल उघडलं.

स्की रिसॉर्ट शोधणं म्हणजे स्थळं बघणंच. सगळ्यांचे फोटो उजवे, सगळ्यांकडे ऊन आणि निळं आकाश, आणि कुणीच आपले गुडघेदुखीचे प्रसंग सांगत नाही. वायोमिंगचं जॅक्सन होल पहिल्या फेरीतच बाद झालं. खालपासून वरपर्यंत ४,१३९ फूट, आणि वर कॉर्बेट्स कुलॉर नावाची एक खडकातली फट. तिच्यात शिरायचं तर आधी कड्यावरून उडी मारावी लागते. लोक ती हौसेने मारतात. आमच्याकडे अशा जागी 'खोल दरी, पुढे जाऊ नये' अशी पाटी असते. कॅनडातलं व्हिस्लर ब्लॅककोंब आवडलं होतं. दोन डोंगर, ८,१७१ एकर, आणि २००८ पासून एका शिखरावरून दुसऱ्यावर नेणारी ४.४ किलोमीटरची गोंडोला. पण मी मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी शोधताना घामाघूम होणारा माणूस. ८,१७१ एकरांत मला मी सापडलो नसतो. बॅन्फमधल्या लेक लुईझची ख्याती अशी की जवळजवळ कुठल्याही लिफ्टने वर जा, खाली यायला एक हिरवी, म्हणजे सोपी, वाट असतेच. हे वाचून माझं मन भरून आलं, पण बायको म्हणाली, तिथली फेब्रुवारीतली थंडी तुझ्या कानांना सोसायची नाही. माझ्या कानांबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. व्हरमाँट जवळचं होतं, पण तिथल्या बर्फाची कीर्ती फरशीची आहे. युटातलं डियर व्हॅली तर जावयासाठीच बांधल्यासारखं. तिथे स्नोबोर्डवाल्यांना मज्जाव, गाडीतून स्की उतरवून घ्यायला माणसं हजर, आणि रात्रभर यंत्रं फिरवून उतार असे विंचरतात की सकाळी ते कॉर्डरॉयच्या पँटसारखे दिसतात. किमतीच्या रकान्यात मी फक्त 'जावई' असं लिहिलं आणि पुढे गेलो.

राहिलं कोलोरॅडो. तिथे व्हेल, त्याचे ५,३१७ एकर. तिथे ब्रेकनरिज, बीव्हर क्रीक, कीस्टोन, कॉपर, विंटर पार्क. बीव्हर क्रीकला दुपारी तीन वाजता पायथ्याशी ताज्या चॉकलेट चिप कुकीज फुकट वाटतात. हा मुद्दा मी पिवळ्या रंगाने ठळक केला. कॉपरची गंमत अशी की डोंगरानेच वर्गवारी करून ठेवलीय: पश्चिमेला सोपे उतार, मधे मध्यम, पूर्वेला अवघड. चुकून भलत्या वर्गात शिरायची भीती कमी. शहाण्या माणसाने एक्सेल तिथेच बंद केलं असतं.

पण मी नवा रकाना केला होता: 'निळ्याचे टक्के'. प्रत्येक डोंगर आपल्याकडे हिरवं किती, निळं किती, काळं किती ते टक्क्यांत छापतो. इंटरमिजिएट माणसाला निळं पाहिजे, तेव्हा ज्याचं निळं जास्त तो डोंगर चांगला. शाळा निवडताना निकालाचे टक्के बघतात तसं. ते टक्के डोंगरवाले स्वतःच ठरवतात, कुणी एकर मोजून तर कुणी वाटा मोजून, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या संशोधनात डिसेंबर अर्धा सरला. हंगामाच्या मोठ्या पासची विक्री डिसेंबरच्या पूर्वार्धातच बंद होते, हे मला पास घ्यायला गेल्यावर कळलं. मग खिडकीवरचा भाव! मोठ्या डोंगरांवर सुट्टीच्या एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे जातं, काही ठिकाणी तीनशेच्या. मी मनातल्या मनात रुपये केले आणि खाली बसलो.

अखेर टक्केवारीत पहिला आलेला डोंगर मी ठरवला. त्याचं नाव सांगत नाही. त्याची काही चूक नव्हती.

डेन्व्हर शहरच मुळी कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. तिथून गाडी आय-सत्तरने चढत सुमारे ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जाते. शनिवारी सकाळी त्या रस्त्याचं जे होतं ते गणपतीच्या आधल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गाचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं आणि बुटांची बक्कलं लावतानाच मला धाप लागली होती. एक्सेलमध्ये उंचीचा रकाना नव्हता.

भाड्याच्या दुकानात फॉर्म दिला. त्यात वय, उंची, वजन आणि 'स्कीयरचा प्रकार'. एक म्हणजे सावध, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे आक्रमक. यावरून बाइंडिंगचा घट्टपणा ठरतो, म्हणजे पडल्यावर स्की किती सहज बुटापासून सुटावी ते. मेहुणा शेजारी उभा होता. मी तीनवर खूण केली.

"आक्रमक?" बायको खांद्यावरून डोकावली. "भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही तुला!" मग तिची नजर वजनाच्या रकान्यावर गेली. मी बारा किलो कमी लिहिले होते. ती काही बोलली नाही, फक्त 'हं' म्हणाली. पुढे मला समजलं, की प्रकार वाढवला तर बाइंडिंग घट्ट होतं आणि वजन घटवलं तर सैल. दोन थापांनी एकमेकींना छेद दिला असावा. माझे दोन्ही गुडघे आज जागेवर आहेत ते बहुधा त्यामुळेच.

सकाळ मात्र अप्रतिम गेली, हे मान्य केलं पाहिजे. विंचरलेला उतार, पायाखाली कुरकुर वाजणारा कोरडा बर्फ, दोन्हीकडे पांढऱ्या खोडांची अ‍ॅस्पनची झाडं. तीन वेळा निळ्यावरून खाली आलो, तिन्ही वेळा दोन पायांवर. बायको लॉजमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसली होती. दुपारी तिथे दोन दशम्या खाल्ल्या आणि माझ्यात उन्माद संचारला. "आता ती पलीकडची लिफ्ट घेऊ," मी म्हणालो. "नकाशावर वरून खाली निळंच आहे."

लिफ्टच्या खुर्चीत, पाय अधांतरी असताना, मेहुणा सहज म्हणाला, "भावोजी, हे रंग त्या त्या डोंगरापुरते असतात हं. सगळ्या देशाचं माप एक नसतं. तुमच्या तिकडचा काळा इथे कदाचित निळा असेल." ही गोष्ट माणूस जमिनीवर असताना सांगायची असते. पुढे म्हणाला, "आणि सकाळचा ग्रूमिंग रिपोर्ट बघितलात ना? कुठल्या वाटेवर रात्री यंत्र फिरलंय तो?"

बघितला नव्हता.

वर उतरलो. पाटी होती, निळा चौकोनही होता, पण चौकोनाखाली लिहिलं होतं: 'अधिक अवघड'. मी ते तीन वर्षांत पहिल्यांदाच वाचलं. हिरव्याला सोपं म्हणतात, काळ्याला सर्वांत अवघड, आणि मधल्याला अधिक अवघड. मध्यम असं तिथे काही नव्हतंच. माझी सगळी हयात मधल्या बाकावर गेलेली, आणि इथे बाकच नाही.

समोरच्या उतारावर यंत्र फिरलं नव्हतं. दिवसभर लोक एकाच जागी वळतात, तिथला बर्फ खरवडला जाऊन बाजूला साठतो आणि त्याचे उंचवटे होतात. त्यांना मोगल म्हणतात. नाव ऐकून मला हसू आलं होतं, पण कंबरेएवढाले शेदोनशे मोगल समोर ठाकले तेव्हा आपल्या अंगात शिवकालीन काहीही उरलं नसल्याचं लक्षात आलं. पहिल्याला वळसा घातला, दुसऱ्यावर चढलो, तिसऱ्यावर माझा पिझ्झा उलटा झाला. डावी स्की निघून एकटीच दरीकडे गेली. उजवी मागे राहिली. एक काठी वर, एक खाली, गॉगल कुठेतरी मधे, हातमोजा झुडपावर. अशा पडण्याला इथे 'यार्ड सेल' म्हणतात. पुण्यात कुणी बघितलं असतं तर जुना बाजार म्हणालं असतं. मी पाठीवर झोपून आकाश बघत होतो आणि माझ्या शेजारून, वाट काढत, सातआठ चिमुरड्यांची रांग बदकांसारखी खाली गेली. शेवटची मुलगी क्षणभर थांबली, माझी काठी माझ्या हातात दिली आणि "यू ओके, सर?" म्हणून निघून गेली. मेहुणा तोवर फोटो काढून घेत होता.

मग लाल जाकिटातला स्की पेट्रोलचा माणूस आला. हात, पाय, मान, सगळं हलवून बघितलं. काही मोडलं नव्हतं. "कुठल्या लेव्हलचे स्कीयर तुम्ही?" त्याने विचारलं.

"इंटरमिजिएट," मी म्हणालो.

त्याने खाली बघितलं, वर बघितलं, आणि अतिशय मायेने विचारलं, "गाडीतून जायचं का?"

ती गाडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे लावलेली घसरगाडी. तिच्यात मला आडवं करून ताडपत्रीत गुंडाळलं, पट्टे आवळले, फक्त नाक बाहेर ठेवलं. तो पुढून दांडे धरून सहज वळणं घेत निघाला. त्याच मोगलांवरून, माझ्यासकट. लोक बाजूला होत होते, काहींनी टोप्या काढल्या. पालखी इतक्या वेगात कुठल्याच वारीत गेली नसेल. पायथ्याशी बायको उभी होती. तिने ताडपत्रीतलं नाक ओळखलं. "चटणी उरलीय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आम्हाला कीस्टोनला घेऊन गेला. तिथे माथ्यापासून थेट पायथ्यापर्यंत उतरणारी स्कूलमार्म नावाची हिरवी वाट आहे, सुमारे साडेतीन मैलांची. स्कूलमार्म म्हणजे शाळामास्तरीण. मी ती तीनदा केली. तिसऱ्यांदा वाटेत थांबून फोटोही काढला, इतका निवांत होतो.

यंदा पुन्हा जाणार आहोत. मधला भाग मधेच ठेवणारं कॉपर आधीच ठरलंय, पास सप्टेंबरातच घेतलाय, आणि रोज सकाळी ग्रूमिंग रिपोर्ट मोठ्याने वाचायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलंय. स्कीचं भाड्याचं बुकिंगही करून टाकलं. फॉर्मवर प्रकार एकवर खूण केली, आणि वजन खरं लिहिलं.