विमा व्हिसाचा, आजार आपला

युरोपच्या आठ दिवसांच्या टूरला निघालेल्या कुणालाही विचारा, विमा किती रकमेचा? झोपेतही सांगेल, तीस हजार युरो. कशाकशासाठी आहे? ते टूरवाल्याला माहीत.

टूरवाल्याला तरी कुठे माहीत? शेंगेन व्हिसाच्या नियमात किमान ३०,००० युरो लिहिलंय, म्हणून फाइलीला ३०,००० युरोंचा कागद. उद्या नियमात तीन लाख लिहिलं तर तीन लाखांचा कागद. वकिलात खूश, टूरवाला खूश आणि प्रवासी फोटो काढण्यात गुंग.

तो कागद उघडून वाचलेला प्रवासी कुणी पाहिलाय? असेल तर म्युझियममध्ये ठेवायला हवा.

विमा व्हिसा अधिकाऱ्याच्या समाधानासाठी काढायचा असतो, अशी आपली ठाम समजूत आहे. आणि ती काही आपण हवेतून आणलेली नाही. सरकारांनीच ती करून दिली आहे. बघा ना, युरोपात दवाखान्याचं बिल महाग असलं तरी निदान माणसाच्या आवाक्याच्या आसपास फिरतं. तिथे विमा सक्तीचा. अमेरिकेत बिल बघूनच दुसरा अ‍ॅटॅक यावा. तिथे आई-बाबांच्या बी-२ व्हिसाला विम्याचं नावही कुणी काढत नाही. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत काचेपलीकडचा साहेब विचारतो, मुलगा काय करतो, परत कधी येणार. बाबांच्या स्टेंटबद्दल चकार शब्द नाही.

जिथे कमी लागतो तिथे सक्ती, जिथे लागतोच तिथे मर्जी.

२०१९ साली ट्रम्पसाहेबांनी एक फर्मान काढलं होतं. कायमचं राहायला येणाऱ्याने विमा किंवा पैसे दाखवावेत, नाहीतर येऊ नये. कोर्टाने ते अडवलं, २०२१ मध्ये बायडन यांनी रद्द केलं. गंमत म्हणजे त्या फर्मानातसुद्धा पाहुणे म्हणून येणारे आपले आई-बाबा नव्हतेच. कडक सरकारलाही त्यांची आठवण झाली नाही, मऊ सरकारलाही नाही.

आता आपल्या घरात या.

मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीत. आई निघाली. डिंकाचे लाडू, खारीक पावडर, बाळंतशोपा, बाळाची दुपटी. बॅगांचं वजन दोनदा झालं, कस्टम्सवाला तूप घेऊ देईल का यावर घरात परिषद भरली. मग निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवलं, अरे, इन्शुरन्स? जावयाने फोनवर सर्वांत स्वस्त रकाना निवडला. पाच मिनिटांत काम फत्ते.

तुपाला अर्धा तास, आईला पाच मिनिटं.

विमा इथूनच काढला तर अर्ज कोण भरतो? एजंट. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. हृदयविकार? नाही. एजंटाच्या कृपेने वयाच्या ६८ व्या वर्षी बाबा एकदम ऑलिम्पिकला पाठवण्याजोगे होतात. इकडे अर्जात साखर नाही आणि तिकडे बॅगेत सहा महिन्यांचं मेटफॉर्मिन, सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवरची चिठ्ठी. पुरावा आपणच बांधून नेतो. शिवाय तिकडच्या डॉक्टरने हिस्टरी विचारली की बाबा अभिमानाने सांगतात, 'ट्वेंटी इयर्स डायबिटीस, बट फुल कंट्रोल!'

क्लेम तिथेच आटोपला. बाबा बरे होतात, पॉलिसी जाते.

बरं, खरं सांगितलं तर? तर कंपनी म्हणते, आधीपासूनचे आजार वगळून बाकी सगळं कव्हर. सत्तरीच्या मराठी माणसाचं आधीपासूनचं सगळं वगळलं की उरतं काय? पाय मुरगळणं आणि कुत्रा चावणं.

नाही म्हणायला अमेरिकेतल्या व्हिजिटर पॉलिसींत एक फट ठेवलेली असते. जुन्या आजाराने अचानक, आधी कसलीही सूचना न देता उचल खाल्ली, तर खर्च मिळेल. ऐकायला छान. पण अटी वाचा. लक्षणं दिसल्यापासून २४ तासांत उपचार घेतलेले हवेत. दुखणं हळूहळू वाढलेलं नको. आणि वय ७० किंवा ८० च्या पुढे गेलं की बऱ्याच योजनांत ही फटही बंद.

२४ तास! हे कलम लिहिणाऱ्याने मराठी बाप पाहिलेला नाही.

मराठी बापाच्या छातीत दुखलं तर पहिलं निदान ठरलेलं असतं, गॅस. दुसऱ्या दिवशीही गॅसच, फक्त जरा जास्त. ओवा चावून होतो, हिंगाचं पाणी होतं, इनो होतो, आई पाठ चोळून देते. मुलाला सांगायचं नाही, त्याचं ऑफिस आहे. सुनेला सांगायचं नाही, ती घाबरेल. तिसऱ्या दिवशी घाम फुटतो तेव्हा नाइन-वन-वन. आणि इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टरने विचारलं, कधीपासून दुखतंय, तर सत्यवचनी बाप सांगतो, 'परवापासून थोडं थोडं होतंच की.'

हे एक वाक्य काही हजार डॉलरांचं असतं. कधी काही लाखांचंही.

विमा कंपनीला दोष देण्याची इथे पद्धत आहे. देऊया की, त्यांना सवय आहे. पण तीन दिवस गप्प बसणाऱ्या बापाला आणि त्याला 'बरं वाटतंय ना?' एवढंच विचारून कामाला पळणाऱ्या मुलाला कुठल्या कलमात बसवायचं?

अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला तपासून स्थिर केल्याशिवाय हॉस्पिटलला हाकलता येत नाही, खिशात पैसे असोत वा नसोत. 'म्हणजे उपचार मिळतातच की!' असं सांगणारा एक काका प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो. मिळतात. दारातून परत पाठवत नाहीत. बिल घरपोच पाठवतात. आणि एक नव्हे. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं. बाबा भारतात परत येऊन संकष्टीचे मोदक खात असतात तेव्हाही पाकिटं पडतच असतात.

मग ग्रुपवर लिंक येते. गोफंडमी. 'कृपया सढळ हाताने...' ज्यांनी विमा काढला नाही त्यांच्यासाठी ज्यांनी काढला त्यांनी वर्गणी द्यायची. हाही एक सामुदायिक विमाच. फक्त हप्ता आजारानंतर.

'पण मुलाच्या कंपनीचा विमा आहे ना?' हा लाडका प्रश्न. पुण्यातल्या कंपनीत आई-वडील पॉलिसीत बसतात, म्हणून तिकडेही बसतील. नाही बसत. तिकडे बायको-मुलं बसतात, पाहुणे आलेले आई-बाबा सहसा नाहीत. 'मग ग्रीन कार्ड करून टाकू, मेडिकेअर मिळेल.' मिळेल, विकत. ६५ पूर्ण हवीत आणि सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं हवं. पाच वर्षं तब्येतीला धीर धरायला सांगा.

पॉलिसीच्या रकमेचीही एक मौज आहे. वर ठळक अक्षरांत ५०,००० डॉलर. आत बारीक तक्ता. खाटेचे रोजचे इतके, सर्जनचे इतके, तपासणीचे इतके. प्रत्येक गोष्टीला टोपी घातलेली. स्वस्त योजना बहुधा याच जातीच्या. पन्नास हजारांपर्यंत पोचायचं तर माणसाने सगळे अवयव समान वाटून आजारी पाडायला हवेत. थोडे जास्त पैसे मोजले की दुसऱ्या जातीची योजना मिळते. सुरुवातीची ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरायची, वरचा बहुतेक खर्च कंपनीचा. पण तुलनेच्या तक्त्यात ती दुसऱ्या पानावर असते. दुसऱ्या पानापर्यंत जातो कोण?

विद्यार्थ्यांचं बघू. एकाच कॅम्पसवर दोन मराठी मुलं. एक जे-१ व्हिसावर, दुसरा एफ-१ वर. पहिल्याला सरकारचा हुकूम आहे. प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, देश सोडून हलवावं लागलं तर ५०,०००, मृतदेह मायदेशी पाठवायला २५,०००, डिडक्टिबल ५०० च्या आत. दुसऱ्याला सरकार काहीच सांगत नाही. त्याला विद्यापीठ सांगतं, आमचाच विमा घे. जंतूला मात्र व्हिसाचे प्रकार कळत नाहीत.

विद्यापीठाचा विमा वर्षाला काही हजार डॉलरपर्यंत जातो. मग पुण्यातला कन्सल्टंट म्हणतो, कशाला, आमच्याकडे त्याच्या पाव किमतीत आहे, तिकडे जाऊन विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागणारा वेव्हर भरायचा. मुलगा इथे पैसे भरतो. तिकडे विद्यापीठ आपल्या अटींशी ताडून पाहतं आणि वेव्हर नाकारतं. आता विमे दोन, ताप एक.

ब्रिटनचा प्रकार सरळ आहे. सरळ म्हणजे आधी पैसे. २०१५ मध्ये आरोग्य अधिभार सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. विद्यार्थ्यांना सवलत, ७७६. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकरकमी. नोकरी लागली की कर वेगळा, त्यातूनही तीच आरोग्यसेवा चालते. एकाच थाळीचे पैसे दोन गल्ल्यांवर. आणि मुलाला भेटायला आलेल्या आईला अधिभार नाही! तिला इमर्जन्सी विभागात फुकट तपासतात. दाखल करून घेतलं की मात्र ठरलेल्या दराच्या दीडपट बिल. ५०० पौंड थकले तर पुढचा व्हिसा नाकारता येतो. नातवाचं तोंड पुन्हा बघायचं तर आधी थकबाकी.

जर्मनीत शिस्त आहे, पण शिस्तीला खळगे आहेत. तीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा सवलतीत मिळतो. पण सीनियर सांगतो, खासगी घे, स्वस्त पडतं. त्यासाठी सरकारी सक्तीतून सूट मागावी लागते. आपण आनंदाने मागतो. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही, हे सीनियरने सांगितलेलं नसतं. तोपर्यंत तो नोकरीला लागून सरकारी विम्यात परत गेलेला असतो.

कॅनडाने निदान आई-वडिलांचा विचार केला. सुपर व्हिसा. किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा विमा, निदान एक वर्षाचा, हप्ता भरल्याच्या पुराव्यासकट. मुक्काम सलग पाच वर्षांपर्यंत. वर्ष संपलं की नूतनीकरणाची आठवण कोण करणार? मुलगा म्हणतो सून करेल, सून म्हणते मुलगा करेल. सासू-सासऱ्यांना वाटतं, पाच वर्षांचाच असेल.

हे सगळं झालं खिशात डॉलर असलेल्यांचं. आता रत्नागिरीतून, रायगडातून आखातात निघालेल्या दहावी नापास पोराकडे या. त्याच्या पासपोर्टला सरकारी मंजुरी लागते आणि मंजुरीला प्रवासी भारतीय विमा योजना लागते. हप्ता दोन वर्षांचे २७५ रुपये. अपघाती मृत्यूला, कायमच्या अपंगत्वाला १० लाख. आजारपणाला १ लाख, तेही रुपये. मेल्यावर जी किंमत, आजारी पडल्यावर तिच्या एक दशांश.

तरीही त्या पोराचं एक बरं आहे. त्याच्यासाठी सरकारने काहीतरी सक्तीचं केलं. आयटीतल्या दादाच्या आई-वडिलांसाठी ना दिल्लीने केलं, ना वॉशिंग्टनने. शिकलेल्यांना आपलं हित कळतं, असा दोन्ही सरकारांचा समज दिसतो.

तर, आई-बाबांचं तिकीट काढायला बसला असाल तर एजंटाला फोन करू नका, लिहा. बाबांचं वय इतकं, शुगर इतकी वर्षं, स्टेंट अमुक साली, मुक्काम सहा महिने, छातीत दुखून दाखल करावं लागलं तर कंपनी किती डॉलर देईल? फोनवर तो म्हणेलच, 'सब कव्हर्ड है सर.' त्याला म्हणा, हेच चार शब्द कंपनीच्या ईमेलवरून पाठव. असा ईमेल माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. तुम्हाला आला तर या सदराच्या पत्त्यावर जरूर पाठवा, पुढच्या आठवड्यात जशाच्या तसा छापतो.