गाठोड्याचा राखणदार

अकोल्याच्या फलाटावर एक अमेरिकी पाहुणा बॅगेला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाला स्वतःचा डावा हात लावून बसला होता. लोणारचं विवर पाहून झालं होतं. आता बडनेऱ्याला उतरून मेळघाटात वाघ बघायचा होता. वाघाची भीती नाही वाटत का, असं विचारलं तर हसला. वाघासाठी त्यानं पैसे मोजले होते; धास्ती माणसांची होती, आणि ती फुकट मिळाली होती. भारतात येणाऱ्यांसाठी त्याचं सरकार सूचना काढतं, त्यात नक्षलवाद्यांचा मुलूख ‘पूर्व महाराष्ट्रा’पासून सुरू होतो. गडचिरोली इथून ३०० किलोमीटरच्या पलीकडे. पण वॉशिंग्टनहून बघताना ती अकोल्याची शेजारीणच वाटत असणार. हसावं तर मला माझी आई आठवली. मी पहिल्यांदा मुंबईला निघालो तेव्हा तिनं आतल्या खिशाला सेफ्टी पिन लावली होती, आणि त्या पिनेपायी मला दादरला चहाचे पैसेही काढता येईनात.

“इथं गुन्हे कोणते होतात?” पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं त्यानं हळूच विचारलं. मी सगळ्यांत मोठी चोरी सांगितली. संत्री पिकतात आमच्या वरुड-मोर्शीत आणि नाव होतं नागपूरचं. २०१४ साली भौगोलिक मानांकनसुद्धा त्याच नावानं मिळालं. त्यानं ते गंभीरपणे वहीत टिपलं.

तेवढ्यात एक म्हातारी आली. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, मला नापास केलं आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं. “बापू, एवढं पाह्यजो बरं, मी पानी घेऊन येतो.” गेलीसुद्धा. बेवारस सामान दिसलं तर पोलिसांना कळवायचं, हे त्याला पाठ होतं. पण हे बेवारस कुठं होतं, वारस तोच झाला होता. कुलपावरचा हात सुटला. नव्या बापानं तान्हं धरावं तसं त्यानं गाठोडं दोन्ही हातांनी धरलं, आणि स्वतःची बॅग पाठीमागे कधी गेली हे त्याला कळलंही नाही.

म्हातारी परतली, गाठोडं काखेत मारलं आणि त्यातलंच एक संत्रं त्याच्या तळहातावर ठेवलं. नेमकी त्याच वेळी वरून घोषणा झाली, अनोळखी व्यक्तीनं दिलेले खाद्यपदार्थ खाऊ नका. मी अर्थ सांगितला. त्यानं संत्रं चहूबाजूंनी फिरवून पाहिलं.

“सीलबंद आहे,” मी म्हणालो.

त्यानं साल सोलली, पहिली फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. “नागपूर?”

“वरुड!” म्हातारी कडाडली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चिकट हातांनीच वही शोधू लागला.