गृहस्थाश्रमी सबवूफर

सबवूफर घरात आणण्यापूर्वी तो आपल्याला कशासाठी हवा आहे, हे गृहस्थाने मनाशी पक्के करावे. घरी काय सांगायचे ते त्यानंतर, स्वतंत्रपणे ठरवावे. दोन्ही उत्तरे एकच निघाली तर खरेदी पुढे ढकलावी.

शास्त्र असे आहे की, बुकशेल्फ स्पीकरमधला पाच-सव्वापाच इंची वूफर साधारण साठ हर्ट्‌झपर्यंत इमानाने राबतो आणि त्याखाली हात टेकतो. तिथून खालचा प्रांत सबवूफरचा. ख्याल ऐकणाऱ्यांनी मात्र जरा थांबावे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास बोलते. म्हणजे मैफलीत साठच्या खाली उरतो तो डग्ग्याचा थोडाफार घुमारा, आणि माइकच्या स्टँडला कोणाचा तरी पाय लागल्याचा आवाज. १९२५ च्या आधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या रेकॉर्डी ज्यांचा जीव की प्राण आहेत, त्यांची स्थिती आणखी नाजूक. खर्ज त्या तबकड्यांवर जवळपास उतरलाच नाही. सबवूफर त्यांना टर्नटेबलची घरघर तेवढी मन लावून ऐकवील. ही माहिती गृहस्थाने स्वतःजवळच ठेवावी. दुकानात फक्त ‘दहा इंची देऊ की बारा इंची?’ एवढेच विचारतात, आणि त्यावर ‘दहा’ असे उत्तर देणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे.

स्पीकरविषयी थोडक्यात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा, दोन्ही स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण व्हावा, मागच्या भिंतीपासून थोडे अंतर असावे. शोकेसच्या डोक्यावर, लोकरीच्या रुमालावर ठेवून यातले काहीही साधत नाही. ते तिथेच राहणार आहेत, तेव्हा पुढे जाऊ.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो सर्वांत जास्त घुमतो, म्हणून बहुतेक लोक तो कोपऱ्यात ठेवतात आणि ‘पैसे वसूल’ म्हणतात. पण खालच्या स्वरांची लांबी मोठी असते. ४० हर्ट्‌झची एक लाट साडेआठ मीटरहून लांब, म्हणजे आपल्या हॉलमध्ये ती सरळ मावतसुद्धा नाही. परिणामी हॉल स्वतःच गायला लागतो. सोळा फूट लांबीचा हॉल ३५ हर्ट्‌झच्या आसपास, आणि दहा फूट रुंदी असेल तर पुन्हा ५६ च्या आसपास. हे दोन स्वर भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर ढमढमतात आणि खोलीच्या मधोमध खुर्ची टाकली की गायब होतात. बिल्डरने गाळा मापताना याचा विचार केलेला नसतो. शिवाय घरातला कोपरा मोकळा कधीच नसतो: एकात देव्हारा, एकात चपलांचा स्टँड, एकात पुढच्या महिन्यात रद्दीवाल्याला द्यायची रद्दी, आणि चौथ्यात दार. देव्हारा हलवण्याचा प्रस्ताव मांडू नये.

यावर जगभर मान्य झालेला तोडगा म्हणजे रांगणे. ही थट्टा नव्हे. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण जिथे बसतो नेमका तिथे ठेवायचा (खाली जुनी चादर घालावी, पेटी पंधरा-वीस किलोंची असते आणि सोफ्याचे कव्हर नवे असते). मग बेस गिटार वरखाली फिरते असे एखादे गाणे पुन्हा पुन्हा लावून, कान जमिनीजवळ ठेवत भिंतींच्या कडेकडेने रांगत जायचे. जिथे प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने ऐकू येईल, एकही अंगावर येणार नाही आणि एकही बुडणार नाही, तिथे खडूने खूण करायची. सबवूफर तिथे नेऊन आपण सोफ्यावर बसलो की तोच आवाज आपल्याला मिळतो. जागांची अदलाबदल केली तरी निसर्गाचा हिशेब बदलत नाही.

हा विधी दुपारी, घरात कोणी नसताना उरकावा. तरीही धुणीभांडी करणाऱ्या मावशींकडे किल्ली असते, हे ध्यानात असू द्यावे. दार उघडताच मावशींना दिसते ते असे: सोफ्यावर चादर अंथरून बसवलेली काळी पेटी, आणि टीव्हीच्या स्टँडमागे ओणवे झालेले घरमालक.

‘दादा, काय हरवलं?’

‘बेस.’

मावशी झाडू घेऊन सोफ्याखाली बघतात. त्यांना अडवू नये. तिथून टीव्हीचा हरवलेला रिमोट तरी निघतो.

खडूची खूण हमखास बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या वाटेत येते. इथे विज्ञानाचे काम संपते आणि तहाची बोलणी सुरू होतात. खुणेपासून दोन फूट सरकण्याची मुभा आधीच मनात धरून ठेवावी आणि ती उपकार म्हणून द्यावी.

आता जोडणी. रिसीव्हर असेल तर तो सुरुवातीलाच विचारतो की, तुमचे स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? भल्याभल्यांचा अहंकार इथे आडवा येतो. दीड महिन्याचा पगार ओतून घेतलेल्या स्पीकरना स्वतःच्या हाताने ‘स्मॉल’ म्हणायचे! तरी म्हणावे. त्याचा अर्थ एवढाच की ८० हर्ट्‌झच्या खालचे ओझे सबवूफरकडे जाईल आणि छोटे स्पीकर मोकळा श्वास घेतील. ऐंशीच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून तर ही पेटी पडद्याआड खपते. हे काम रिसीव्हर करत असेल तर सबवूफरच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत फिरवून सोडून द्यावे. दोघांनी एकच गाळणी लावली की गाणे मध्येच खचते.

फेजच्या खटक्याला दोन माणसे लागतात: एक सोफ्यावर, एक पेटीमागे.

‘अहो, केलं.’

‘आधी कुठे होतं?’

‘तुम्ही सांगितलं होतं तिथेच.’

शून्य आणि १८० यांपैकी ज्या बाजूला बसल्या जागी आवाज भरीव वाटेल, तिथे खटका ठेवावा. फरक कळत नसेल तर शून्यावर ठेवून समाधानाने मान हलवावी. पेटीमागच्या व्यक्तीला स्वयंपाक असतो.

पातळी लावताना १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलेली गोष्ट विसरू नये: आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर सर्वांत आधी कमी वाटतात. रविवारी सकाळी दणक्यात लावलेला मेळ रात्री हळू आवाजात पांगळा होतो. आपण रोज जेवढ्या आवाजात ऐकतो, तेवढ्यावरच लावावे.

त्यानंतर येते खडखड-शोधन. वीसपासून शंभर हर्ट्‌झपर्यंत सावकाश चढत जाणारा स्वर लावून घरभर हिंडावे. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा स्वर असतो. शोकेसची काच एका स्वरावर उठते, खिडकीचे ग्रिल दुसऱ्यावर, मांडणीतली स्टीलची झाकणे तिसऱ्यावर. दिवंगत सासऱ्यांची तसबीर बरोबर ४२ ला बोलते. तिच्या मागे रबराचा तुकडा चिकटवावा. पण का चिकटवला, हे सांगू नये.

एवढे करूनही एक संथ ‘हूं’ शिल्लक राहिली, तर ती बहुधा विजेच्या पन्नास हर्ट्‌झची असते. केबल टीव्हीची वायर काढून पाहावी, सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. तीन पिनांतली अर्थिंगची पिन तोडून हूं घालवणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांना चहा देऊन परत पाठवावे.

उरली सोसायटी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मापनाची पद्धत मानवी कानाच्या धर्तीवर असल्यामुळे ५० हर्ट्‌झच्या आवाजाला सुमारे तीस डेसिबलची सूट मिळते. म्हणजे सेक्रेटरी मोबाइलवर मीटर धरून दारात उभे राहिले तर आकडा गृहस्थाच्या बाजूने बोलतो आणि खालच्या मजल्यावरचे कपबशांचे कपाट सेक्रेटरींच्या बाजूने. अशा वेळी कायदा सांगू नये, त्यांना आत बोलवावे.

नीट लागलेल्या सबवूफरचा खरा त्रास त्यांना आत बसवल्यावर सुरू होतो. तो ऐकूच येत नाही. छोटे स्पीकरच मोठे झाल्यासारखे वाटतात, आणि पाहुणा पेटीकडे बघून विचारतो, ‘हा बंद आहे का?’ मेहुणे असतील तर ते ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ लावायला सांगतात आणि सोफा हलण्याची वाट बघतात. एवढे रांगून हे ऐकून घ्यायचे नसेल, तर आवाजाच्या बटणाशेजारी दोन टिकल्या चिकटवाव्यात: आपल्या ऐकण्यासाठी बारीक काळी, पाहुण्यांसाठी ठसठशीत लाल. लालवर जाण्याआधी तसबिरीमागचे रबर जागेवर आहे ना, ते पाहून घ्यावे.