आधी काकडं, मग शेवळं

टाकळा शेताच्या बांधावर असला की तण, आणि ठाण्याच्या बाजारात वाटा लावून बसला की रानभाजी. एवढी बढती मिळवायला त्याला कसाऱ्याहून सुटणारी एक लोकल पुरते.

हीच लोकल उलट दिशेने पकडणारे शहरी लोक हल्ली वाढले आहेत. त्यातलेच एक निवृत्त बँक अधिकारी. जून उजाडला की पायांत गमबूट, गळ्यात भिंग, फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप आणि पिशवीत पोळीभाजी. रानाचा काय भरवसा! त्यांना शिकवायला शहापूरकडच्या एक मावशी लाभल्या. मावशींकडे नुसता विळा.

टाकळा पटकन जमला. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, आणि अंधार पडला की पानं मिटतात. "म्हणजे व्यवहार दिवसाच," साहेबांनी वहीत टिपलं. कुर्डूही जमला: कोवळा असतानाच खुडायचा, गुलाबी-पांढरे तुरे आले की पानं जून झाली म्हणून समजा. फोडशीने मात्र घाम फोडला. ती गवतात उगवते आणि गवतासारखीच दिसते. अ‍ॅपने तिला एकदा कांदा म्हटलं, एकदा लिली.

"मावशी, ही ओळखायची कशी?"

"बायकोला कसं ओळखता?"

करटोलीने तर छळलंच. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे. साहेबांनी ज्या वेलावर पावसाळाभर पाळत ठेवली, तो नर निघाला.

पण खरी परीक्षा शेवळांची. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारे हे जांभळट-तपकिरी कोंब म्हणजे सुरणाचे भाऊबंद. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा. सीकेपी घरांत याच शेवळांची कणी कोलंबी घालून होते आणि तिच्यासाठी माणसं वर्षभर थांबतात. साहेबांनी पित्ताचं निमित्त काढून काकडं वगळली. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. भांडण नव्हतं, सगळ्यांचे घसे धरले होते.

आता साहेब ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास भरणाऱ्या कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात जातात आणि अनोळखी लोकांना फोडशी ओळखायला शिकवतात. अ‍ॅप उघडून नव्हे, मावशींकडे बोट दाखवून.

तेव्हा बाजारात शेवळांशेजारी काकडांचा वाटा दिसला, तर गळ्यात माल मारतायत असं समजू नका. दोन्ही घ्या, शिजवायचं कसं ते विकणाऱ्या बाईलाच विचारा, आणि घासाघीस करू नका. तुम्ही साखरझोपेत होतात तेव्हा ती रानात होती.