एक सूत माफ

मेस्त्री कुणाच्याही घरात शिरले की नमस्काराऐवजी एक प्रश्न विचारतात, "हे कुणी केलं?" प्रश्न कधी दाराबद्दल असतो, कधी खिडकीबद्दल, प्रसंगी देव्हाऱ्याबद्दलसुद्धा. उत्तराची त्यांना गरज नसते. कुणीही केलेलं असो, ते चुकलेलं असणार हे त्यांनी अंगणात चपला काढतानाच ठरवलेलं असतं. आमच्या मागच्या दाराकडे पाहून त्यांनी एकदा असंच तोंड वाकडं केलं. "बिजागरी बसवताना डोळे मिटले होते काय?" आई शांतपणे म्हणाली, "मेस्त्री, हे दार तुम्हीच बसवलंत. माझं लग्न झालं त्या वर्षी." मेस्त्रींनी दार दोनदा उघडून मिटलं, बिजागरीवरून आदराने बोट फिरवलं आणि निकाल दिला, "मग लाकूड वळलं असणार. फणस तो. त्याला स्वतःचं मत असतं."

रत्नागिरीच्या आजूबाजूला असा एक मेस्त्री बहुतेक वाडीत सापडतो. सत्तरी उलटलेली, कानावर पेन्सिल आणि चष्म्याची तुटलेली काडी स्वतःच शिसवीची करून बसवलेली. दुकानात नवी काडी मिळते, हे सांगून पाहिलं. "मिळते ना. पण ती माझ्या कानाच्या मापाची नसते."

त्यांची गोणपाटाची पिशवी हे एक संस्थान आहे. त्यात रंधा, करवत, वाकस, गुण्या, खतावणी, गिरमिट आणि लहानमोठ्या पटाश्या आपापल्या जागी असतात, आणि त्यांना परक्याचा हात लागलेला मेस्त्रींना खपत नाही. एका घरी यजमानांनी पटाशी उचलून रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी हत्यारं भरली, अर्धं उभं केलेलं कपाट तसंच सोडलं आणि ते घरी गेले. यजमानांचे वडील समजूत घालायला आले, तेव्हा पटाशी दगडावर घासता घासता मेस्त्रींनी विचारलं, "तुमच्या मुलाने दाढीच्या वस्तऱ्याने सुपारी कातरली, तर चालेल तुम्हाला?"

विजेच्या हत्यारांबद्दल त्यांचं मत स्पष्ट आहे. "मशीन झटपट कापतं. म्हणजे चूकही झटपट होते." हे ते इतक्या ठामपणे सांगतात, की पिशवीच्या तळाशी पंच्यात गुंडाळून ठेवलेल्या ड्रिल मशीनविषयी विचारायची सोय उरत नाही. ते पुतण्याचं आहे, आपल्याकडे फक्त सांभाळायला दिलंय, असं त्यांचं म्हणणं. दुपारी घरातली माणसं लवंडली की माळ्यावरून ते सांभाळल्याचा आवाज येतो. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा होते, तेव्हा ड्रिललाही बाहेर काढतात. त्याला हळदकुंकू लागतं, फूल मात्र मिळत नाही. "अजून उमेदवारी चालू आहे त्याची."

मोजमापात त्यांचा कारभार फुटाचा, इंचाचा आणि सुताचा. 8 सुतांचा 1 इंच. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारून कित्येक दशकं झाली, पण मेस्त्रींकडे आपल्या बाजूचा पुरावा दुकानातच उभा आहे. प्लायवुडची पाटी 8 बाय 4 फुटांची आणि जाडी 18 मिलिमीटर. "लांबी-रुंदी इंग्रजांची आणि जाडी सरकारची! दोघांचं अजून वाटप झालेलं नाही, आणि मला सांगतात बदला." एकदा मी हुशारी करून म्हटलं, एक सूत म्हणजे साधारण 3 मिलिमीटरच की. ते थांबले. "साधारण? सूत तुझ्या 3 मिलिमीटरहून थोडं जास्त भरतं. वरचं ते थोडं कुणाच्या खिशात जातं?"

2023 च्या सप्टेंबरात केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 पारंपरिक व्यवसाय, त्यांत सुतारकामही. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, प्रमाणपत्र आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत. पुतण्याने मेस्त्रींचंही नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी प्रशिक्षक मुलाने रंधा कसा धरावा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी त्याला, तो चुकीचा का धरला होता ते दाखवलं. पुढचे दिवस मेस्त्री फळ्यापाशी आणि मुलगा बाकावर, अशी बसायची व्यवस्था झाली. प्रमाणपत्र आलं तेव्हा मेस्त्री हसले. "पन्नास वर्षांनी कळलं, मी सुतार आहे." मात्र त्या कागदासाठी त्यांनी सागाची चौकट केली, कोपरे खिळा न वापरता जुळवले, आणि त्या कामाला प्रशिक्षणापेक्षा जास्त दिवस लागले.

युक्त्या सांगण्यात मेस्त्री सढळ आहेत. खिळ्याचं टोक हातोडीने किंचित बोथट करून ठोकावं, लाकूड उकलत नाही. स्क्रूला साबण चोळावा, सहज शिरतो. भोक ढिलं झालं तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेली काडेपेटीची काडी आत घालून स्क्रू पुन्हा पिळावा. चौकट काटकोनात आहे की नाही, हे बघायला दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे भरले की झालं. सगळ्या युक्त्या खऱ्या आणि फुकट. अडचण एकच, प्रत्येक युक्तीला एक 'परंतु' असतो आणि तो नुकसान झाल्यावर कळतो. मी पितळी स्क्रूला साबण लावला, जोर काढून पिळला आणि त्याची मुंडी माझ्या हातात आली. मेस्त्री म्हणाले, "पितळेचा असेल तर आधी लोखंडी स्क्रूने वाट करून घ्यायची. सांगितलं नव्हतं?" सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यातल्या दाराचा नियम मात्र ते आधीच बजावतात. आषाढात दार अडकलं तरी तासायचं नाही. लाकूड दमट हवेतलं पाणी पिऊन फुगतं, पाऊस गेला की आपोआप ओसरतं. आषाढात तासलेल्या दाराच्या फटीतून मार्गशीर्षात मांजर ये-जा करतं. "दिवाळीपर्यंत खांद्याने उघडा," असं ते ऐंशी वर्षांच्या आजीलाही सांगतात.

सरकारी नियमांचा विषय निघाला की मेस्त्री रंधा खाली ठेवतात. सुरुवात वृक्षतोडीपासून होते. 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याने साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या परसातली असली तरी तोडायला परवानगी लागते. "आजोबांनी लावलेला फणस तोडायला मी अर्ज करायचा. आणि तोच फणस माझ्या कौलांवर पडला, तर त्याने कुणाकडे अर्ज केला होता?" लाकडावर शिक्का मारायचा वनखात्याचा हातोडा त्यांनी पाहिलेला आहे. "सगळ्या खात्यात एकच हत्यार, आणि त्याने खिळा ठोकता येत नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, मेस्त्री कायद्याच्या विरुद्ध आहेत. पण कुणी ताजा फणस चिरून आणला आणि लगेच दार करा म्हणालं, तर ते लाकडाला हात लावत नाहीत. "दोन पावसाळे सुकू दे, मग ये." सरकार निदान अर्ज घेतं. मेस्त्री अर्जही घेत नाहीत.

बांधकामाच्या नियमांवर त्यांचा खरा राग आहे, आणि तो नियम कडक आहेत म्हणून नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, राहत्या खोलीची उंची 2.75 मीटरपेक्षा कमी नसावी. घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची 190 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, रुंदी 250 पेक्षा कमी नसावी. मेस्त्रींनी हे कुणाकडून तरी वाचून घेतलं, मनात सुतांत बदललं आणि कपाळाला हात लावला. "कमी नसावी, जास्त नसावी. अरे, मग असावी किती?"

याचा निकाल एका अभियंत्याच्या घरी लागला. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर लोकांचे नकाशे तपासले आणि निवृत्तीनंतर स्वतःचं घर बांधलं. जिन्याला लाकडी कठडा हवा म्हणून मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री एकदा वर गेले, एकदा खाली आले आणि पिशवी न उघडताच बसले. "सगळ्या पायऱ्या साडेसहा इंच. शेवटची सव्वासात."

"वरच्या मजल्याच्या फरशीमुळे झालं ते," अभियंते म्हणाले. "पण 190 च्या आत आहे. कायद्यात बसतं."

"कायद्यात बसत असेल हो साहेब. पायात बसत नाही."

मग मेस्त्रींनी समजावलं, की पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पाय माप घेतो आणि नंतर डोळ्यांना विचारत नाही. शेवटी कुणी सहा सूत वाढवून ठेवले, तर तो फसतो. अभियंते नियमाचा क्रमांक सांगणार, एवढ्यात आतून त्यांच्या आईचा आवाज आला, "म्हणजे मी रोज तिथे ठेचकाळते ते वयामुळे नव्हे?"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. वरच्या पायऱ्यांच्या फरश्या निघाल्या आणि ते सहा सूत सहा पायऱ्यांना एकेक वाटून दिले. "एक सूत पाय माफ करतो," मेस्त्री म्हणाले, "सहा नाही." मग ते डोळे मिटून जिना चढले, तसेच उतरले आणि म्हणाले, "आता राहायला हरकत नाही." भोगवटा प्रमाणपत्र असं तोंडी मिळाल्यावर अभियंत्यांनी चहा मागवला. मेस्त्री कप बशीत ठेवून उठले आणि दारातून वळून म्हणाले, "परंतु साहेब, कठडा पावसात फुगेल. तेव्हा रंधा मारायला दुसऱ्या कुणाला बोलावलंत, तर परवानगी रद्द."