व्हेज सोलापुरी आहे का?

सोलापुरातल्या कुठल्याही 'प्युअर व्हेज' हॉटेलात जाऊन बसा. पाण्याच्या आधी मेनूकार्ड येतं. प्लॅस्टिकच्या कव्हरातलं, बारा-चौदा पानी, आणि कोपऱ्यावर मागच्या गिऱ्हाइकाच्या पावभाजीचा अंगठा. याला खाद्यपदार्थांची यादी समजणं हा गैरसमज आहे. ते भूगोलाचं पुस्तक आहे. व्हेज कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज जयपुरी, अमृतसरी कुलचा, म्हैसूर मसाला डोसा, दिल्ली चाट. पान उलटलं की सरहद्द ओलांडायची: शेजवान राइस म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत, मंचुरियन म्हणजे त्याच देशाचा ईशान्य कोपरा. त्याखाली अमेरिकन चॉप्सुई आणि रशियन सॅलड, एकाच पानावर, शेजारीशेजारी. जे संयुक्त राष्ट्रांना जमलं नाही ते विजापूर रोडवरच्या लॅमिनेशनवाल्याने करून दाखवलंय.

सगळं जग हजर आहे. ज्या गावात हे कार्ड छापलं, तेवढं एक गाव त्यात नाही.

कोल्हापूरचं नशीब बघा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर जगणारं गाव. पण त्याच्या नावावर देशभरातली शाकाहारी हॉटेलं फ्लॉवर-गाजर-फरसबी विकतात, वर दोन सुक्या मिरच्या ठेवतात, आणि कोल्हापूरकर मनावर घेत नाहीत. 'सोलापुरी' हे विशेषण मात्र लोक अंगावर घेतात, पानात घेत नाहीत. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेलला आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे. केंद्र सरकारच्या दफ्तरात सोलापूर सापडतं. मेनूकार्डात सापडत नाही.

समजा, रविवारची संध्याकाळ आहे. उन्हाळा. दिवसभर त्रेचाळीस अंशांत भाजून निघालेलं एक कुटुंब बाहेर जेवायला निघालंय. मिलमधून निवृत्त झालेले अण्णा, गळ्यात माळ असलेल्या अक्का, मुलगा, सून, चौथीतला नातू, आणि पुण्याहून आलेले जावईबापू. हॉटेलाबाहेर तासभर उभं राहून नंबर लागतो. आत शिरल्यावर पहिला प्रश्न पोटाचा नसतोच.

"साधं पाणी का बिसलरी?"

सोलापुरात हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. एकशे सतरा टीएमसीचं उजनी धरण याच जिल्ह्यात, आणि तिथून शंभरावर किलोमीटर जलवाहिनीतून येणारं पाणी शहरातल्या नळाला काही दिवसांआड. नळ कधी येणार याचं वेळापत्रक ज्या घरात देवाच्या कॅलेंडरशेजारी लावलेलं असतं, त्या घरातला माणूस 'साधं' हा शब्द पाण्याला कसा लावणार? अण्णा साधं म्हणतात, सून बाटली म्हणते. बाटली येते.

नातवाची ऑर्डर ठरलेली: व्हेज मंचुरियन, ड्राय. हा पदार्थ मंचुरियात कुणी खाल्लेला नाही. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग नावाच्या, कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने आलं-लसूण-हिरवी मिरची आणि सोया सॉस यांची मोट बांधली, त्यातून तो निघाला. मुळात त्यात चिकन होतं. शाकाहाऱ्यांनी चिकन काढून फ्लॉवर आणि कोबी घातला, आणि कोंबडीच्या वाट्याचा लाल रंग मात्र दुप्पट केला. या रंगापायी शेजारच्या कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली; तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ सदोष निघाले होते. गोव्यात म्हापसा पालिकेने तर त्याआधीच मंचुरियनला शहराबाहेर काढलं होतं. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. म्हणजे आता सीमा ओलांडली की मंचुरियनने गोरं व्हायचं. महाजन आयोगाने १९६७ साली सीमेवरचं गाव न् गाव मोजलं, पण सीमाप्रश्नाची ही बाजू त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

सुनेची पावभाजी. इथे अण्णा जरा सावरून बसतात, कारण पावभाजी ही त्यांच्या बिरादरीतली. मुंबईच्या गिरण्यांभोवती, कामगारांच्या घाईच्या जेवणातून ती आली असं सांगतात. उरल्यासुरल्या भाज्या तव्यावर ठेचायच्या, पावाबरोबर गिळायच्या आणि पाळी गाठायची. आता सोलापूरही गिरणीचंच गाव. इथली जुनी मिल १८७७ सालची. भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं अजून पेठापेठांतून भेटतात. या भोंग्यालाही जेवणाची घाई होतीच. मग सोलापूरच्या कामगाराने फडक्यात काय बांधून नेलं?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी.

ही जोडी साधी दिसते, पण तिच्यामागचं डोकं कुठल्याही फूड टेक्नॉलॉजिस्टला लाजवील असं आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग विस्तवाच्या धगीला ठेवून तिच्यातला पाण्याचा अंश पुरता काढून टाकायचा. पाणी नाही म्हणजे बुरशी नाही. आठवडेच्या आठवडे राहते. चटणीचंही तेच. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ, सगळं उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये कूट होतो, चटणी होत नाही. यावर सोलापुरात कोर्टबाजी तेवढी व्हायची राहिलीय. (पुणेकरांसाठी खुलासा: सोलापुरात 'शेंगा' म्हणजे दाणे. टरफलं असली-नसली तरी शेंगाच. जावईबापू लग्नानंतर चार वर्षांनी हे शिकले.)

मुंबईच्या कामगाराचं जेवण पुढे शिकलं-सवरलं. बटरमध्ये पोहलं, चीज पांघरलं, खडा झालं, मशरूम झालं, कच्च्या केळ्याचं जैन झालं. सोलापुरातल्या मेनूकार्डात त्याला अर्धं पान आहे. सोलापूरच्या कामगाराचं जेवण त्याच हॉटेलात गल्ल्याशेजारच्या काचेच्या कपाटात आहे. पाकिटात. वर 'घरगुती' असं छापलेलं. बडीशेप चघळत बिल देताना ते दिसतं, आणि सोलापूरकर ते विकत घेतो तेही स्वतः खायला नव्हे, नाशिकच्या साडूला पाठवायला.

ज्वारीवर तर भलताच प्रसंग आलाय. मोहोळच्या केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात १९३० च्या दशकापासून या जिल्ह्याची रब्बी सांभाळते. त्याच्या पाचेकशे वर्षं आधी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाहाची कोठारं रयतेला उघडून दिली, तेव्हा रांगेतल्या कुणी 'पनीर नाही का?' असं विचारल्याची नोंद नाही. मग २०२३ साल उजाडलं. संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्यांचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, केंद्रीय अर्थसंकल्पात भरडधान्यांना 'श्री अन्न' ही पदवी मिळाली, आणि कालपर्यंत 'ज्वारी' म्हणून हाक मारली जाणारी बाई अचानक श्रीमती झाली. सोलापुरात तिच्यासाठी राज्याचं उत्कृष्टता केंद्र व्हायचं होतं. वर्ष संपता संपता ते बारामतीला हलवण्याचा निर्णय आला. सोलापूरकरांनी ओरड केली. काहींनी निषेधाच्या बैठकाही घेतल्या. त्या कुठे घेतल्या आणि बैठकीनंतर काय मागवलं, याची चौकशी न केलेली बरी.

मेनूकार्डात श्री अन्न आहे, नाही असं नाही. 'रोटी' या मथळ्याखाली बटर रोटी, नान, गार्लिक नान, चीज गार्लिक नान, लच्छा पराठा यांच्या तळाशी 'ज्वार भाकरी' आहे. मागवली की वेटर गिऱ्हाइकाकडे जरा दयेने बघतो आणि म्हणतो, "वीस मिनटं लागतील सर." म्हणजे मैद्याची रोटी तंदूरमधून दोन मिनिटांत हजर, आणि ज्वारीच्या कोठारात बसून ज्वारी वेटिंगवर.

भाकरी सन्मानाने, न मागता, टोपलीने कुठे मिळते? मटणाच्या खानावळीत. सावजी रस्सा आणि शेजारी कडक भाकरीची चळत. मोडा, कुस्करा, ओरपा. म्हणजे या जिल्ह्यातलं सगळ्यांत शाकाहारी अन्न सापडायचं तर मांसाहारी हॉटेलात जावं लागतं. अक्कांच्या गळ्यात माळ, त्यामुळे त्यांना तिकडे पाऊल टाकता येत नाही. त्या इथे 'शुद्ध शाकाहारी' पाटीखाली बसून नान तोडतात. नान त्यांच्या कवळीला चिकटतो. भाकरी चिकटली नसती, पण तो विषय घरी.

भाकरीबरोबर आणखी कितीतरी मंडळी दाराबाहेर उभी आहेत. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, ज्याच्या नावाला पुण्याचे पाहुणे नेमाने हसतात. लिंगायत घरांतली खपली गव्हाची हुग्गी. हुलग्याचं माडगं. शेंगापोळी. धपाटे. करमाळ्याकडची बाजार आमटी. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की मिरची भजी आणि चुरमुऱ्यांवर अख्खं शहर तुटून पडतं, उभ्याने, हात पुसायला कागद नसताना. तेच शहर खुर्चीत बसलं, डोक्यावर एसी आला, की त्याला पनीर आठवतं.

पनीरही आता साधंसुधं राहिलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये बनावट पनीरचा विषय थेट विधानसभेत निघाला आणि एका आमदाराने नमुनाच सभागृहात आणला. पनीर अंगारा, पनीर तुफानी, पनीर लाजवाब यांतलं पनीर म्हणजे नेमकं काय, हा आता दुधाचा नव्हे, श्रद्धेचा प्रश्न झालाय. त्यावर ५ टक्के जीएसटी. हा ५ चा आकडा नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधी एसीची हवा खाल्ली की १८ टक्के लागायचे. घरून शेंगा चटणी आणून टेबलावर उघडली तर मात्र शून्य टक्के, फक्त मॅनेजर येतो.

अक्कांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. "पन्नास वर्सं दोन्ही हातांनी भाकरी बडवली. आता पैसे देऊन तीच खाऊ व्हय? ती आत कोण थापायलीय कुणास ठाऊक, पीठ नीट मळलं का नाही कुणास ठाऊक. पनीरचं काय, ते बिघडलं तरी मला कळत नाही." टीकाकारांनी, खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांनी आणि भरडधान्याच्या ब्रँड अँबेसिडरांनी या उत्तरावर जरूर विचार करावा. हॉटेल हे घरापासून सुट्टी घ्यायचं ठिकाण. ज्या बाईला चुलीपासून सुट्टी हवी, तिला चूल टेबलावर नको असते. अण्णांना असते, पण अण्णांनी आयुष्यात भाकरी थापलेली नाही.

आणि अस्सलपणाचा फार टेंभा मिरवावा तर शेंगही इथली नाहीच. ती दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे आली. मिरचीही तिकडचीच. दोघींनी सोलापुरात येऊन उखळात संसार थाटला, कानडी-तेलुगू-मराठी-उर्दू बोलायला शिकल्या आणि एवढ्या इथल्या झाल्या की कुणी रहिवासी दाखला मागत नाही. त्या हिशेबाने अजून दोनशे वर्षांनी मंचुरियनलाही मानांकन मिळेल. सोलापुरी मंचुरियन, कूट भुरभुरलेलं. हसू नका, पार्कच्या चौपाटीवर रात्री दहानंतर काय काय एकत्र होतं ते ज्यांनी पाहिलंय, ते हसत नाहीत.

तर, टेबलावर शांतता. ऑर्डर घ्यायला पोरगा उभा. पाठीमागे मालक कुणाशी कानडीत, भटारखान्याकडे तेलुगूत आणि फोनवर हिंदीत बोलतोय. जावईबापू पाहुणे, त्यामुळे शेवटची भाजी त्यांनी सांगायची. त्यांनी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं. पुण्याची सवय.

"इथलं स्पेशल काय आहे?"

"पनीर अंगारा, सर."

"तसं नाही. सोलापूरचं काही?"

"सोलापूरचंच आहे की सर. आतच बनतंय."

अण्णांना ठसका लागतो. जावईबापू हार मानत नाहीत. "हे बघ, व्हेज कोल्हापुरी आहे, व्हेज हैदराबादी आहे. मग व्हेज सोलापुरी आहे का?"

पोरगा विचारात पडतो. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नाही. तो आत जातो. आतून भांड्यांचा आवाज थांबतो, कुणीतरी मोठ्याने "काय बे?" म्हणतं, मग दोघं-तिघं हसतात. पोरगा वही सावरत परत येतो. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान.

"होऊन जाईल सर. पंजाबीत करू का चायनीजमध्ये?"

जावईबापू अण्णांकडे बघतात, अण्णा बाटलीकडे.

"पंजाबीतच कर बाबा," अक्का म्हणतात. "चायनीज पोरानं आधीच सांगितलंय."