काउली डॉक्टर आणि पडलेले चेहरे

अहो वहिनी, या ना जरा कुंपणापाशी. ऐकलंत का त्या बाल्टिमोरच्या काउली डॉक्टरांचं? तेच हो, शॉक ट्रॉमा हॉस्पिटलवाले. आर अ‍ॅडम्स काउली. आणि त्या 'आर'चं रमेश नाही की रघुनाथ नाही, नाव म्हणून नुसता आर! आईवडिलांनी एका अक्षरावर भागवलं...

तर काय सांगत होते, माणूस मूळचा यूटातला, डॉक्टरकी केली मेरीलँडला, मग सर्जन म्हणून सैन्यातून युरोपात. परतल्यावर हार्ट सर्जन. चांगलं नाव झालं होतं, बसावं की नाही स्वस्थ? पण ह्यांच्या डोक्यात एकच, शॉकमध्ये गेलेला माणूस हातचा जातो तो का! रक्त वाहून गेलं की प्रेशर उतरतं, मग किडनी, मग लिव्हर, एकेक बंद पडत जातं... १९६० च्या सुमाराला युनिट मिळालं, तेही लष्कराच्या पैशावर. खाटा किती? दोन! आणि पेशंट कुठले, तर बाकीच्यांनी हात टेकलेले. दगावायचेच बिचारे. झालं, कॉरिडॉरभर कुजबुज, 'डेथ लॅब' म्हणे! पण त्यातलेच काही चांगले खडखडीत होऊन घरी गेले ना, तेव्हा नावं ठेवणाऱ्यांची तोंडं... जाऊ दे, मी कशाला बोलू.

खरी जुंपली ती १९६९-७० च्या सुमाराला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जखमी थेट बाल्टिमोरला! वाटेतल्या हॉस्पिटलवाल्यांना ते कसं पचणार? आमच्या डोक्यावरून आमचाच पेशंट नेतात म्हणजे काय! मेरीलँड युनिव्हर्सिटीतलेही धुसफुसायचे. आणि काउली काही गोड बोलणारे नव्हेत, तापट, हट्टी. शेवटी मेरीलँडचे गव्हर्नर मँडेल यांनी १९७३ मध्ये हुकूम काढून त्यांना स्वतंत्र संस्थाच दिली. का, तर म्हणे गव्हर्नरांचा दोस्त तिथेच वाचला होता. हो हो, तेच मँडेल, जेलमध्ये जाऊन आले ते. शिक्षा मागाहून रद्द झाली म्हणा.

अजून शॉक ट्रॉमात सगळे गुलाबी कपड्यांत वावरतात. चोरीला जाऊ नयेत म्हणून तो रंग, असं म्हणतात! खरंच, गुलाबी पायजमा पळवून घालणार कोण?

आणि तो 'गोल्डन अवर', तोही ह्यांचाच हो. तासाभरात उपचार मिळाले तर माणूस वाचतो, असं त्यांचं म्हणणं. २००१ मध्ये दोघा संशोधकांनी खोदून पाहिलं, त्या नेमक्या साठ मिनिटांना पुरावा काही सापडेना. पण उशीर वाईट, ह्यात काय शंका? आपल्या मोटार वाहन कायद्यातसुद्धा २०१९ ला तो तास आलाच की. आणि २०२५ पासून अपघातातल्या जखमीला कॅशलेस उपचार, दीड लाखापर्यंत, सात दिवस. भाऊजी रोज स्कूटरवर निघतात ना, त्यांच्या कानावर घालून ठेवा.